आक्काची उशिराची जाग

आमच्या घरी सणाला मंडळी जमली म्हणजे जेवणे आटोपल्यावर एक गोष्ट हटकून निघत असे. ती गोष्ट आक्काच्या बाळंतपणाची. १९७४ सालच्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या भगिनीचे पहिले बाळंतपण अडले. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून तिला आधी बैलगाडीतून व पुढे मोटारीतून मिशनच्या एका इस्पितळात नेले. रात्री दहाच्या सुमारास पोट कापून मूल बाहेर काढण्यात आले. मूल खणखणीत रडले. आई मात्र उठेना. नाडी चालत होती, अंग गरम होते, पण श्वास म्हणून सुरू होईना. तेव्हा इस्पितळातील सिस्टर पाळीपाळीने तिच्या उशाशी बसल्या आणि एक काळी रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या छातीत वारा भरीत राहिल्या. एकीचे हात भरून आले की दुसरी बसे. पिशवीबरोबर त्यांची जपमाळही चालू होती. पहाटे चारच्या पुढे आक्काच्या करंगळीने हालचाल केली, मग भुवई हलली, आणि उजाडताना तिने आपला आपण श्वास घेतला.

आम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे होतो व रात्रभर त्या खोलीच्या दाराशी उभे होतो. आमच्या आईने पुढे जन्मभर ही कथा देवाची कृपा म्हणून सांगितली आणि आम्हीही ती तशीच ऐकली. तीत आक्काची एक पुस्ती असे. ती म्हणे, "मी झोपले नव्हते. मला सगळे ऐकू येत होते." त्यावर वडील मंडळी हसत आणि म्हणत, "भुलीत असे भास होतात, बाई." आक्का मग गप्प बसे. गोष्ट पुढच्या सणापर्यंत मिटे.

आमची पाळी त्रेचाळीस वर्षांनी आली. २०१७ सालच्या मे महिन्यात गावच्या फेस्ताच्या दिवशी दुपारी आम्ही यथेच्छ जेवलो आणि सायंकाळी पोटात कळा सुरू झाल्या. रात्री अकराला शहरातील इस्पितळात डॉक्टरांनी निदान केले की आंत्रपुच्छ सुजले आहे व फुटण्याच्या बेतात आहे. सकाळपर्यंत थांबता येणार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आमच्या कन्येएवढ्या, बोलणे आटोपशीर. दमा आहे का, मधुमेह आहे का, दात हलतात का, असे विचारीत त्यांनी शेवटी विचारले, "मास्तर, तुम्हांला किंवा घरात कोणाला भुलीचा काही त्रास झाला होता का?"

आम्ही म्हणालो, "नाही."

हे उत्तर आम्ही खोटे बोलण्यासाठी दिले नव्हते. आक्काची गोष्ट आमच्या मनाच्या ज्या कप्प्यात होती, त्यावर आजारपणाची चिठ्ठीच नव्हती. ती कृपेची गोष्ट होती. एखाद्या शिक्षकाने तीस वर्षे मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगावे आणि आपल्या परीक्षेच्या वेळी स्वतःच प्रश्न न वाचता उत्तर लिहावे, तसे झाले.

पुढचे आठवते ते असे. नाकातोंडावर मुखवटा, हातात सुईची थंड धार, आणि मग काहीच नाही. त्यानंतर एकाएकी आम्ही जागे झालो. प्रथम वाटले, झाले, सुटलो. मग ध्यानात आले की डोळे उघडत नाहीत. पापणी हे एवढेसे कातडे, पण ते पर्वतासारखे झाले होते. हात उचलू म्हटले तर हात आपला नव्हताच. घशात नळी होती आणि छाती कोणीतरी बाहेरून फुगवीत होते. आमच्या इच्छेने एकही श्वास येत-जात नव्हता. पोटावर टाक्यांची आग होत होती. पायापाशी दोघेजण कोणाच्या तरी बढतीविषयी बोलत होते. आम्हांस ओरडायचे होते. आपण मेलो आहोत व ही मंडळी ते जाणत नाहीत, असेही एकदा वाटले. आणि नंतर त्याहून भयंकर असे वाटले की आपण जिवंत आहोत व ते ही मंडळी जाणत नाहीत. 'हे आमच्या बापा' म्हणावयास घेतले, पण मधल्याच एका ओळीवर मन अडखळे व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी.

ही अवस्था किती वेळ होती ते आम्हांस सांगता आले नसते. नंतर कळले की सुमारे पंधरा मिनिटे. ती संपली ती एका थेंबामुळे. डॉक्टरीणबाईंना आमची नाडी फार जलद चाललेली दिसली, त्यांनी वाकून पाहिले, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळले होते. त्या क्षणी त्यांचा आवाज कानाशी आला. "मास्तर, तुम्ही जागे असाल. घाबरू नका. औषधाने तुमचे स्नायू अजून सैल आहेत. श्वास मी देते आहे व देत राहणार आहे. आता तुम्हांला पुन्हा झोपवते." त्यांनी तसे केले. पुढे आम्ही जागे झालो तेव्हा पाच वाजून गेले होते, आणि हात उचलला तो उचलला गेला.

आता या औषधांविषयी, जे आम्हांस त्या बाईंकडून व नंतर वाचून कळले ते, सांगितले पाहिजे. कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची समजूत आमच्यासारखीच असेल की भूल म्हणजे एक औषध. तसे नाही. झोप आणणारे औषध वेगळे, वेदना मारणारे वेगळे, आणि स्नायू सैल करणारे तिसरे. हे तिसरे कशास लागते? पोट कापायचे तर पोटाचे स्नायू ताठ असून चालत नाही, आणि घशातून नळी घालायची तर जबडा व स्वरतंतू ढिले असावे लागतात. पूर्वी त्यासाठी ईथर इतके खोल द्यावे लागे की रोगी मरणाच्या उंबरठ्याशी जाई. स्नायुशिथिलक आल्यापासून हलक्या भुलीत मोठी शस्त्रक्रिया साधू लागली. परंतु हे औषध मेंदूस स्पर्शही करीत नाही. मज्जातंतूकडून स्नायूला जो निरोप जातो, तो नेमका त्या दोहोंच्या सांध्यावर ते अडवते. निरोप धाडणारा जागाच राहतो. आणि छातीचे स्नायू हेही स्नायूच असल्यामुळे श्वासही थांबतो.

या औषधाचा मूळ पुरुष दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातील आहे. तेथील आदिवासी शिकारी काही वेलींच्या सालीपासून कुरारे नामक विष करून बाणांच्या टोकांस लावीत. ते विष शोधण्यासाठी १८१२ साली गयानाच्या जंगलात गेलेले चार्ल्स वॉटर्टन हे यॉर्कशायरमधील एका जुन्या कॅथलिक घराण्यातले गृहस्थ होते, स्टोनीहर्स्टच्या येशूसंघीय शाळेत शिकलेले. हे वाचून आम्हांस अंमळ अभिमान वाटला, तो वाचकांनी क्षम्य मानावा. १८१४ साली लंडनात त्यांच्यासमोर एका गाढवीला ते विष टोचण्यात आले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. तेव्हा तिच्या श्वासनलिकेस छेद देऊन लोहाराच्या असतो तसल्या भात्याने वारा भरण्यात आला. दोन तासांनी तिने मान उचलून इकडेतिकडे पाहिले. भाता थांबवताच पुन्हा कोसळली. मग आणखी दोन तास भाता चालला आणि ती उठून उभी राहिली. तिचे नाव वुरालिया ठेवून तिला वॉटर्टनसाहेबांच्या वाडीवर धाडण्यात आले व तेथे ती १८३९ पर्यंत सुखाने चरली. विष तेच, मात्रा तीच. जगणे-मरणे केवळ भाता चालविणाऱ्या हातावर. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती काळी रबरी पिशवी आली.

पुढे फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून हे विष स्नायू व मज्जातंतू यांच्यामध्ये काम करते असे दाखविले. माणसाच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग मात्र पुष्कळ उशिरा झाला. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ व डॉ. ईनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्याच एका शस्त्रक्रियेत, भूल दिलेल्या तरुणास, शुद्ध केलेले कुरारे दिले. आंत्रपुच्छ हा शब्द आम्ही आता आदराने उच्चारतो.

पण एका प्रश्नाचा निकाल तेव्हाही लागला नव्हता. कुरारेने झोपही येते की काय? काही डॉक्टरांस तसे वाटे, आणि त्या समजुतीपायी कित्येक रोग्यांना काय भोगावे लागले असेल याची कल्पना आम्ही तरी करू शकतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी हा वाद स्वतःच्या देहावर मिटविला. झोपेचे कोणतेही औषध न घेता त्यांनी श्वास थांबण्यास पुरेल त्याच्या अडीचपट कुरारे टोचून घेतले; सहकारी त्यांना श्वास देत होते. ते निश्चल पडले. भोवतालच्यांनी काय म्हटले, कोठे टोचले, हे सारे त्यांनी नंतर बिनचूक सांगितले. क्षणभरही शुद्ध हरपली नव्हती. हा वृत्तान्त १९४७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आक्काच्या बाळंतपणापूर्वी सत्तावीस वर्षे. तरी आमच्या घरात तिला कोणी खरे मानले नाही. डॉक्टरांच्या ग्रंथांतून आमच्या ओसरीपर्यंत एवढी गोष्ट चालत यायला फार वर्षे लागली.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून आमच्या खाटेशी बसल्या. "काल जे झाले ते तुम्हांला आठवते ना?" असे त्यांनीच विचारले. आम्ही सांगितले ते सर्व त्यांनी कागदावर उतरून घेतले, आणि त्यातले एकही वाक्य 'भास' म्हणून खोडले नाही. मग म्हणाल्या, "भुलीचा वायू बंद करण्याआधी मनगटावर यंत्र लावून तुमच्या स्नायूंत जोर परतला की नाही, हे मी पाहायला हवे होते. यंत्र दुसऱ्या खोलीत होते, मी मागवले नाही. चूक माझी." आम्ही शाळामास्तर, आयुष्यात पुष्कळ सबबी ऐकल्या. अशी कबुली क्वचितच ऐकली. त्या इस्पितळाचा आमच्या मनातला राग त्या वाक्याने निम्मा उतरला. निम्मा राहिला, तेही खरेच सांगितले पाहिजे.

मग त्यांनी पुन्हा विचारले, "घरात कोणाला भुलीतून उठायला उशीर झाला होता का?" या खेपेस प्रश्न वाचला गेला. आम्ही आक्काची गोष्ट सांगू लागलो, आणि त्या ऐकता ऐकता ताठ बसल्या.

घडले होते ते असे. पोट भरलेले असताना भूल द्यायची तर अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचे भय असते. म्हणून नळी झटपट घालावी लागते. त्यासाठी सक्सामेथोनियम नावाचे शिथिलक देतात. इस्पितळात त्यास स्कोलिन म्हणतात. ते मिनिटभरात चढते आणि पाच-दहा मिनिटांत उतरते, हाच त्याचा गुण. ते उतरते, कारण रक्तातील एक एन्झाइम त्याचे तुकडे करते. ज्याच्या रक्तात ते एन्झाइम जन्मतःच सदोष, त्याच्या बाबतीत ते पाच मिनिटांचे औषध कित्येक तास ठाण मांडून बसते. इतर शिथिलकांसाठी जे उतारा-औषध असते, ते याच्यावर भरवशाचे नाही. एकच उपाय: श्वास देत राहणे, झोपवून ठेवणे आणि थांबणे. सिस्टरांनी १९७४ साली यातल्या दोन गोष्टी केल्या होत्या. झोपवण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही, कारण ती झोपलेलीच आहे असे सर्व धरून चालले होते.

आमची रक्ततपासणी झाली. शंका खरी ठरली. हा दोष आईकडून एक वाटा व वडिलांकडून एक वाटा असा येतो. दोन्ही वाटे सदोष पडले तरच खरी अडचण होते. आम्ही चार भावंडे. तपासणीत आक्का व आम्ही पुरे, मधला भाऊ अर्धा, धाकटी बहीण साफ मोकळी. दोष ज्या-त्या घरात विरळाच. तथापि काही समाजांत तो अधिक आढळतो. दक्षिणेकडील वैश्य समाजात तो बराच आहे हे तिकडील भूलतज्ज्ञांस ठाऊक असते, आणि हैदराबादकडे असणाऱ्या आमच्या मंडळींना शेजारीपाजारी अशी एखादी कथा कानी आली असेलही. एरवी या दोषाने माणसास काही होत नाही. शेती करावी, संसार करावा, नव्वदी गाठावी. शस्त्रक्रियेच्या मेजावर पडेपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून तर घरातली जुनी हकीकत मोलाची. 'आजोबांना भुलीतून उठायला रात्र लागली', 'मावशीला भुलीत एकाएकी भयंकर ताप चढला', 'काका मेजावर दगावले', अशी वाक्ये सणाच्या जेवणानंतर सांगायची असतील तर सांगावीत. पण आधी ती भुलीच्या डॉक्टरांना सांगावीत. त्यांतले तापाचे वाक्य तर विशेष. तो निराळाच एक वंशपरंपरेचा दोष आहे आणि त्यातही हेच स्कोलिन व भुलीचे काही वायू घातक ठरतात.

आमच्यासारखा अनुभव कितीजणांना येतो, अशी भीती वाचकांस वाटेल. ब्रिटन व आयर्लंड येथील भूलतज्ज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत, शिथिलक वापरलेल्या सुमारे आठ हजार भुलींमागे एक तक्रार आढळली; शिथिलक नसताना ते प्रमाण सुमारे एक लाख छत्तीस हजारांत एक असे होते. म्हणजे भीतीपोटी शस्त्रक्रिया टाळावी असे यात काही नाही. फुटलेल्या आंत्रपुच्छाने आम्ही निश्चित गेलो असतो. परंतु जोखीम कोठे आहे ते त्या दोन आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

मनगटावरच्या त्या यंत्राचे आम्हांस फार कुतूहल वाटले, तेव्हा बाईंनी ते आणून आमच्याच हातावर दाखविले. करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूला विजेचे चार बारीक झटके लागोपाठ देतात व अंगठा कसा उडतो ते पाहतात. औषध पुरते चढलेले असेल तर अंगठा हलतच नाही. उतरू लागले की पहिला झटका दिसतो, मग दुसरा, तिसरा, चौथा; पण चौथा पहिल्यापेक्षा दुबळा असतो. चौथ्याचा जोर पहिल्याच्या निदान नऊ-दशांश झाल्यावाचून घशातील नळी काढू नये, असा आज नियम आहे. पूर्वी 'मान उचला', 'माझा हात दाबा' एवढ्यावर भागवीत, आणि मान उचलणारा रोगीही पुढे वॉर्डात गेल्यावर धापा टाकी, थुंकी गिळू शकत नसे. नातलगांना वाटे, गुंगी आहे. वाचकहो, शस्त्रक्रियेनंतर आपल्या माणसाच्या पापण्या अर्ध्याच उघडत असतील, बोलणे घोगरे व पाणी गिळता येत नसेल, श्वास उथळ असेल, तर 'निजू द्या' म्हणू नये. नर्सला हाक मारावी.

आम्हांस त्या दिवशी अतिदक्षता विभागातच ठेवले होते. शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाने फुप्फुसे भरून गेलेला एक तरुण शेतकरी होता. तो इतका निश्चल होता की सकाळी आम्ही त्याच्यासाठी मनातल्या मनात मृतांची प्रार्थना म्हटली. मागून समजले की त्यालाही शिथिलकच थेंबाथेंबाने चालू होते. त्याची छाती यंत्राशी झुंजत होती म्हणून. एक मल्याळी नर्स दर दोन तासांनी त्याच्यापाशी येई. कूस बदलण्यापूर्वी ती त्याला नावाने हाक मारून, मोडक्या मराठीत का होईना, आपण काय करणार ते सांगे. पापण्या मिटता येत नसल्याने बुबुळे कोरडी पडतात, म्हणून डोळ्यांत मलम घालून त्या हाताने मिटे. टाचांखाली उशी सरकवी. त्याला झोपेचे औषध पुरेसे आहे का, हे पहिल्याने पाही आणि मगच दुसऱ्या नळीकडे वळे. आधी झोप, मग शिथिलक. आणि उतरवताना आधी शिथिलक, मग झोप. हा क्रम तिने आम्हांस बोटांवर मोजून सांगितला. आदल्या रात्री आमच्या बाबतीत उलटला होता तो हाच क्रम.

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी अशा निश्चल देहांपायी झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांपैकी शंभरातले ऐंशीहून अधिक दगावत होते. तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात नळी घालून पिशवीने श्वास दिला, आणि पुढे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आमच्या मिशनच्या सिस्टरांनी कोपनहेगनची हकीकत ऐकली होती की नाही, कोण जाणे. हातांनी काम तेच केले.

शिथिलक जास्त दिवस चालवावे की नाही याविषयी डॉक्टरांचेही मत बदलत आले आहे. २०१० साली फ्रान्समधील एका अभ्यासात, फुप्फुसे अतिशय बिघडलेल्यांना पहिले अठ्ठेचाळीस तास शिथिलक दिल्याने लाभ दिसला. २०१९ साली अमेरिकेतील अधिक मोठ्या अभ्यासात तसा लाभ दिसला नाही. म्हणून सर्रास न देता, गरज पडेल तेव्हा व तेवढाच वेळ द्यावे, अशी आजची रीत. पडून राहिलेले स्नायू झिजतात, आणि त्या झिजेतून उठायला रोग्याला महिने लागतात. शेजारचा तो शेतकरी वाचला हे आम्हांस पुढे कळले. पण पुन्हा शेतात उभा राहायला त्याला दिवाळी उजाडली.

याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी जे घडले तेही येथे नमूद करावेसे वाटते. पंच्याहत्तर वर्षांच्या एका बाईला तपासणीपूर्वी धीर यावा म्हणून सौम्य गुंगीचे औषध सांगितले होते. औषधाच्या कपाटाच्या यंत्रात नावाची पहिली दोन अक्षरे दाबली गेली आणि बाहेर आली ती व्हेक्युरोनियम या शिथिलकाची कुपी. ती टोचण्यात आली. जवळ लक्ष ठेवण्यास कोणी नव्हते. बाई गेल्या. २०२२ साली त्या नर्सला न्यायालयाने दोषी ठरविले. कुपीच्या झाकणावर इशारा छापलेला होता. शिथिलके इतर औषधांपासून दूर, वेगळ्या पेटीत ठेवावीत, भरलेल्या सिरिंजवर लाल चिठ्ठी लावावी, हे नियम अशा मरणांतून आलेले आहेत.

आमच्या लोकांत एक भाबडी समजूत आहे की दुखणे सोसणे हेच पुण्य आणि झोपेचे, वेदनेचे औषध मागणे म्हणजे दुबळेपणा. १९५७ सालच्या फेब्रुवारीत इटलीतील भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले होते की वेदना टाळण्यासाठी औषध घेण्यास धर्माची आडकाठी नाही. ज्याला हूं की चूं करता येत नाही, त्याच्या वतीने तर इतरांनीच ते मागावयाचे असते.

इस्पितळातून सुटल्यावर आठवड्याने आम्ही आक्काकडे गेलो. ती परसात भाजी निवडीत होती. आम्ही शेजारी बसलो आणि म्हणालो, "आक्का, तू जे म्हणत होतीस ते खरे होते. तू जागी होतीस." तिने विळी बाजूला ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग एकेक सांगू लागली: कोणत्या सिस्टरच्या हाताला कसा वास येत होता, जपमाळेच्या कोणत्या रहस्याशी कोण चुकली, मूल कोणत्या कोपऱ्यात रडत होते. शेवटी म्हणाली, "पहाटे तू आत आलास. पायाशी उभा राहून आईला म्हणालास, 'आई, आक्का गेली.'"

आम्ही ते बोललो होतो. आम्ही ते विसरलो होतो. तिने त्रेचाळीस वर्षांत आम्हांस एकदाही ऐकविले नव्हते.

"मला वाटायचे," ती म्हणाली, "कुणाला तरी सांगावे की गेले नाही, इथेच आहे. पण बोट हलेना. मग हलले."

डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना एकेक कार्ड लिहून दिले होते: दोषाचे नाव, टाळावयाची औषधे, तपासणीची तारीख. आम्ही आमचे पाकिटात ठेवले. आक्काने आपले प्रार्थनापुस्तकात ठेवले, आणि २०२३ साली ते कामास आले. तिच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया ठरली. वय पंच्याहत्तर. भुलीचे डॉक्टर या खेपेस एक तरुण गृहस्थ होते. आक्काने त्यांच्या प्रश्नाची वाट न पाहता कार्ड पुढे केले. त्यांनी ते दोनदा वाचले, आपल्या ट्रेमधील स्कोलिनची कुपी उचलून परिचारिकेच्या हाती दिली व म्हणाले, "ही खोलीबाहेर ठेवा." रोक्युरोनियम नावाचे दुसरे शिथिलक वापरायचे ठरले, ज्याला त्या एन्झाइमची गरज नाही आणि ज्याच्यावर हुकमी उतारा आहे. "आजी, मनगटावर हे यंत्र राहील," त्यांनी सांगितले, "आणि चारही ठोके नीट आल्याशिवाय मी तुमची झोप मोडणार नाही."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. या खेपेस दाराशी उभे राहण्याइतके पाय राहिले नव्हते. सव्वा तासाने दार उघडले. आक्का आडवी होती, पण डोळे टक्क उघडे. तिने आमच्याकडे पाहिले आणि घोगऱ्या आवाजात विचारले, "झाले? एवढ्यात?"